वंशभेदाविरुद्ध समाज-संवाद : गरज, अनुभव आणि मर्यादा

नवी दिल्ली : वंशभेद रोखण्यासाठी कायदा अपरिहार्य आहे, मात्र तो बहुधा घटना घडून गेल्यावर लागू होतो. चेहरेपट्टी पाहून घर भाड्याने नाकारणे, बाजारात हेटाळणीची हाक मारणे, वर्गमित्राला परदेशी समजून टोपणनाव चिकटवणे, अशा रोजच्या अपमानांची नोंद पोलीस ठाण्यात क्वचितच होते. ही पोकळी भरून काढण्याचा एक मार्ग म्हणून समाज-संवादाकडे पाहिले जाते. भारतात या मार्गाची चर्चा प्रामुख्याने दोन समूहांच्या संदर्भात होते : महानगरांत शिक्षण व नोकरीसाठी आलेले ईशान्येकडील राज्यांचे नागरिक आणि आफ्रिकी देशांतील विद्यार्थी.

समाज-संवाद म्हणजे काय?

एकाच वस्तीत, महाविद्यालयात किंवा कामाच्या ठिकाणी वावरणाऱ्या भिन्न समूहांनी ठरावीक काळाने एकत्र बसून परस्परांच्या तक्रारी, गैरसमज आणि अपेक्षा मांडणे, तसेच त्यांवर सामाईक उपाय ठरवणे, असे त्याचे स्वरूप असते. घरमालक, भाडेकरू, दुकानदार, निवासी कल्याण संघटना, शिक्षक आणि स्थानिक पोलीस हे त्यातील नेहमीचे घटक. सांस्कृतिक महोत्सव किंवा सदिच्छा सभा यांहून संवाद वेगळा असतो, कारण त्यात मतभेदाचे विषय टाळायचे नसतात.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. वंशभेद निर्मूलनाच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९६८ मध्ये मान्यता दिली. या कराराचे कलम ७ शिक्षण, संस्कृती व माहितीच्या माध्यमातून पूर्वग्रह दूर करण्याची आणि समूहांमध्ये सामंजस्य वाढवण्याची जबाबदारी सदस्य राष्ट्रांवर टाकते. म्हणजेच संवादाला पोषक वातावरण घडवणे हेही राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, जन्मस्थान वा भाषेच्या आधारे समूहांत वैर पसरवणे हा गुन्हा आहे. अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांच्या टोळीने केलेल्या हत्येसाठीही त्यात स्वतंत्र तरतूद आहे.

२०१२ : अफवा आणि पलायन

ऑगस्ट २०१२ मध्ये आसाममधील हिंसाचारानंतर लघुसंदेश व समाजमाध्यमांवरून अफवा पसरल्या. परिणामी बंगळुरू, पुणे, चेन्नई आदी शहरांतून ईशान्येकडील हजारो नागरिक काही दिवसांत गावी परतले. बंगळुरूहून गुवाहाटीसाठी विशेष रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या आणि केंद्र सरकारने एकगठ्ठा लघुसंदेशांवर तात्पुरती बंदी घातली. शासनाच्या आश्वासनांनंतरही गर्दी लगेच ओसरली नाही. वर्षानुवर्षे एका शहरात राहूनही शेजाऱ्याला खात्रीने विचारावे, असे नाते अनेकांचे जुळलेले नव्हते, हे या पलायनातून दिसून आले.

बेझबरुआ समिती

२९ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीच्या लाजपत नगर भागात अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी निडो तानिया याची केशरचनेवरून टिंगल झाली. वाद वाढून त्याला मारहाण करण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने ईशान्य परिषदेचे सदस्य एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने जुलै २०१४ मध्ये अहवाल सादर केला.

वांशिक अवमानाविरुद्ध नवा कायदा किंवा दंड संहितेत दुरुस्ती, जलद तपास आणि कायदेविषयक साहाय्य या शिफारशींबरोबरच ईशान्य भारताचा इतिहास व संस्कृती अभ्यासक्रमात आणणे, पोलिसांचे प्रशिक्षण, तसेच क्रीडा व सांस्कृतिक देवाणघेवाण वाढवणे, असेही समितीने सुचवले. दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील नागरिकांसाठी विशेष पथक आणि १०९३ ही मदतवाहिनी सुरू केली. दंड संहितेतील प्रस्तावित स्वतंत्र कलमे मात्र प्रत्यक्षात आली नाहीत. १४ डिसेंबर २०१६ रोजी कर्मा दोरजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला देखरेख समिती स्थापन करण्याचे निर्देश दिले.

संवाद केव्हा फळतो?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, समूहांच्या संपर्कातून पूर्वग्रह घटण्यासाठी चार अटी पोषक ठरतात : समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि अधिकारसंस्थांचा पाठिंबा. थॉमस पेटिग्रू व लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संपर्कामुळे पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

अर्थतज्ज्ञ मॅट लोव यांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला उत्तर प्रदेशातील प्रयोग जातीसंबंधी असला, तरी येथे उद्बोधक आहे. क्रिकेट स्पर्धेत एकाच संघातून खेळलेल्या भिन्न जातींच्या तरुणांमध्ये मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांबाबत मात्र तसा लाभ दिसला नाही. नुसते एकत्र आणणे पुरेसे नाही, एकत्र काम असावे लागते, हा त्याचा अर्थ.

मर्यादा

मे २०१६ मध्ये दिल्लीत काँगोच्या एका नागरिकाची हत्या झाल्यावर केंद्राने आफ्रिकी नागरिकांची वस्ती असलेल्या भागांत जनजागृती मोहीम जाहीर केली. तरीही मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे एका स्थानिक युवकाच्या मृत्यूनंतर अफवा पसरून नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. घटनेनंतर हाती घेतलेल्या मोहिमा पुढील हल्ला रोखण्यास पुरेशा नसतात, हे यातून दिसते. करोना साथीच्या प्रारंभी, मार्च २०२० मध्ये, ईशान्येकडील नागरिकांना विषाणूशी जोडून हिणवल्याच्या तक्रारी आल्या आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पुन्हा सूचना द्याव्या लागल्या.

दुसरी अडचण दर्जाची आहे. घरमालकासमोर बोलणाऱ्या भाडेकरूला घर जाण्याची, तर परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाची धास्ती असते. अशा बैठकीत तक्रार मनातच राहते आणि समजूत घालण्याचा भार पीडितावरच पडतो. शिवाय मारहाणीच्या गुन्ह्यात ‘आपसांत मिटवा’ असा दबाव आणण्यासाठी संवादाचा आधार घेतला गेला, तर तो न्यायाच्या आड येतो.

म्हणून गुन्ह्याचा तपास आणि समाज-संवाद हे दोन मार्ग परस्परांपासून अलग ठेवणे आवश्यक ठरते. बैठका नियमित असाव्यात, त्यांचे संचालन तटस्थ व्यक्तीकडे असावे, निर्णयांची नोंद व्हावी आणि पुढच्या बैठकीत त्यांचा हिशेब मांडला जावा. भाडेकरारातील अटी, रात्रीची सुरक्षितता, पोलीस गस्त यांसारख्या ठोस प्रश्नांपासून सुरुवात केल्यास दोन्ही बाजूंना सामाईक काम मिळते. वस्तीत पुढची अफवा येईल तेव्हा कोणाला दूरध्वनी करायचा, हे रहिवाशांना आधीच ठाऊक असणे, ही अशा संवादाची खरी कसोटी होय.