मीर आणि दारातल्या वायरी

'मीर' म्हटलं की सतत बिघडणारं रशियन अवकाशस्थानक, एवढंच बहुतेकांना आठवतं. मला आठवतात त्या दारातून ओढलेल्या वायरी.

मुळात डिझाइन झकास होतं. फेब्रुवारी १९८६ मध्ये मुख्य भाग वर गेला. त्याच्या पुढच्या टोकाला एक गोल कक्ष, त्याला पाच दारं. सहावं मागच्या टोकाला. पैसे येतील तसा एकेक मॉड्यूल जोडत जायचं. पहिला, क्वांत-१, १९८७ मध्ये आला आणि शेवटचा, प्रिरोदा, १९९६ मध्ये. आयुष्य धरलं होतं साधारण पाच वर्षं! मधल्या काळात सोव्हिएत युनियन नावाचा देशच संपला, मीर चालूच.

पण नव्या मॉड्यूलची वीज आणि हवा इकडेतिकडे न्यायची कुठून? उघड्या दारातूनच. केबल्स, हवेचे पाइप, सगळं तिथून ओढलेलं. आपल्याकडे प्रॉडक्शनवर 'तात्पुरतं' म्हणून टाकलेली स्क्रिप्ट वर्षानुवर्षं चालते ना, तसलाच प्रकार. चालतंय तोवर कोणी हात लावत नाही.

१९९७ मध्ये सगळं एकदम अंगावर आलं. फेब्रुवारीत ऑक्सिजन बनवणाऱ्या एका नळकांड्याने पेट घेतला. स्थानकावर सहा माणसं, आणि परतीच्या दोन सोयुझ यानांपैकी एकाची वाट आगीपलीकडे! ती आग विझली. मग २५ जून उजाडला. कुर्स ही आपोआप जोडणी करणारी यंत्रणा युक्रेनमध्ये बनायची, आता परदेशी झालेली, म्हणजे पैसे मोजून घ्यायची. तिच्याशिवाय भागतं का, हे बघायला त्सिब्लियेव्हला सात टनी मालवाहू प्रोग्रेस टीव्हीच्या पडद्यावर बघून हाताने चालवायला सांगितलं. मार्चमध्ये असाच प्रयोग फसून यान जेमतेम बाजूने गेलं होतं, तरीही. माझ्या मते दोष त्याचा कमी, त्या निर्णयाचा जास्त.

प्रोग्रेस स्पेक्टर मॉड्यूलवर आदळलं. कान दडपले, हवा गळायला लागली. दार लावायचं तर मधे वायरी! लाझुत्किन आणि नासाचा मायकेल फोल त्या सोडवायला धावले. काहींना जोडच सापडेना, त्या लाझुत्किनने सरळ चाकूने कापल्या. शेवटी झाकण बसलं. माणसं वाचली, पण त्याच केबल्समधून स्टेशनची बरीचशी वीज येत होती. अंधार झाला, स्टेशन गरगरायला लागलं. फोलने खिडकीशी अंगठा धरून तारे सरकताना बघितले आणि फिरण्याचा वेग काढला! मग सोयुझचे थ्रस्टर वापरून ते सावरलं.

ऑगस्टमध्ये सोलोव्हियोव्ह आणि विनोग्रादोव्ह स्पेससूट घालून त्या हवा नसलेल्या स्पेक्टरमध्ये शिरले. सोबत होतं खास बनवलेलं नवं झाकण, ज्याच्यातच केबल जोडायची सोय होती. म्हणजे दारही बंद आणि वीजही चालू. गळती काही कधी सापडली नाही. मार्च २००१ मध्ये मीर पॅसिफिकमध्ये पाडेपर्यंत ते झाकण तसंच लावलेलं होतं.