दिव्यांग मुलं वयात येताना : घरच्यांनी काय सांगायचं, कायदा काय म्हणतो?

बालाघाट : मतिमंदत्व, ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेलं लेकरू शिकायला वेळ घेतं, पण शरीर साधारण इतरांच्याच वयात मोठं होतं. पाळी येते, मिसरूड फुटते, कुणीतरी आवडायलाही लागतं. ‘त्याला काय कळतं’ म्हणत घरात विषयच निघत नाही. बालाघाट, वारासिवनी असो की पलीकडचं गोंदिया, गत सारखीच.

न बोलण्याची किंमत
फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर (जि. पुणे) येथील सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी जोरदार विरोध केला. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त तो उघडकीस येण्याची एक वाट बंद होते. मुलांच्या बाजूचा पेच ‘कच्चा लिंबू’ (२०१७) या मराठी चित्रपटाने दाखवला आहे.

काय शिकवायचं?
• अवयवांची खरी नावं. टोपणनावं वापरली तर तक्रार कुणाला समजत नाही.
• कपडे बदलणं, अंघोळ, हस्तमैथुन या गोष्टी दार लावून, एकांतात. मारून सवय जात नाही. जागा ठरवून द्यावी.
• पाळी येण्याआधीच पॅड लावण्याचा सराव. लाल रंग लावलेलं पॅड दाखवलं तर ऐन वेळी भीती वाटत नाही.
• ‘नको’ म्हणायला शिकवावं, आणि ते ऐकावंही. पाहुण्यांना बळजबरीने पापी द्यायला लावू नये.
• समोरच्याने ‘नको’ म्हटलं तर थांबायचं, हेही तितकंच महत्त्वाचं.
चित्रं, बाहुली, छोटी वाक्यं वापरावीत आणि तेच ते पुन्हा पुन्हा सांगावं. एकदा सांगून भागत नाही.

कायदा काय म्हणतो?
दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ च्या कलम १० नुसार प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती मिळणं हा हक्क आहे. स्वतःच्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येत नाही. चंदीगडच्या एका प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौम्य मतिमंद महिलेची आई होण्याची इच्छा मान्य केली आणि तिच्या मर्जीविरुद्ध गर्भपात नाकारला.

१८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाला तर पॉक्सो कायदा (२०१२) लागतो. मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेतला असेल तर गुन्हा अधिक गंभीर मानला जातो. माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात दिव्यांग पीडितेचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी, विशेष शिक्षकाच्या किंवा दुभाष्याच्या मदतीने घ्यावा लागतो. ती फक्त मराठी किंवा पोवारीच बोलत असेल तर हे आधीच पोलिसांना सांगावं.

कुठे जायचं?
चाइल्डलाइन १०९८ दोन्ही राज्यांत चालते. यूडीआयडी कार्ड देशभर ग्राह्य आहे. वयाच्या १८ वर्षांनंतर पालकत्वासाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखालील जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. मात्र पालकत्व मिळालं म्हणून तिच्या शरीराचे निर्णय आपले झाले, असा त्याचा अर्थ नाही.