पाणबुड्यांचा पोशाख : ओल आणि ऊब

थंड पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याने कोणता पोशाख निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. त्याच्या इतिहासाकडे पाहिले असता मात्र असे दिसते की, अंग कोरडे कसे राखावे आणि अंग उबदार कसे राखावे, या दोन भिन्न प्रश्नांची तेथे दीर्घकाळ गल्लत झालेली आहे. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असल्यामुळे ओल म्हणजेच थंडी, हा समज दृढ होणे स्वाभाविक होते.

लंडनमध्ये स्थायिक झालेला जर्मन कारागीर ऑगस्टस सीबे याने १८३७ च्या सुमारास शिरस्त्राणाला जोडलेला बंद पोशाख सिद्ध केला. तत्पूर्वीचा अंगरखा खालून उघडा असे, व पाणबुड्या वाकला किंवा पडला तर आत पाणी शिरून त्याच्या जिवावर बेतत असे. १७८२ मध्ये स्पिटहेड येथे बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेच्या अवशेषांवर १८३९ पासून चार्ल्स पास्ली याच्या देखरेखीखाली जे काम झाले, त्यात या बंद पोशाखाची कसोटी लागली. त्याचा मूळ हेतू बुडण्याचे भय टाळणे हा होता. ऊब मिळे ती आत घातलेल्या लोकरीच्या कपड्यांमुळे व त्यांत कोंडलेल्या हवेमुळे. रबर लावलेल्या कापडाचे कार्य ती लोकर कोरडी राखणे एवढेच होते. पोशाख फाटला की लोकर भिजे आणि ऊबही नाहीशी होई.

ही गल्लत दूर करण्याचे श्रेय कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांना द्यावे लागते. अमेरिकन नौदलाच्या पाणपोह्यांची अडचण त्यांच्यापुढे होती. उष्णतारोधन जर खुद्द पोशाखाच्या द्रव्यातच असेल, तर पोहणाऱ्याचे अंग कोरडे असण्याची गरज नाही, असा त्यांचा १९५१ मधील निष्कर्ष होता. सच्छिद्र निओप्रीनच्या असंख्य बंद पेशींत वायू कोंडलेला असतो, आणि तोच उष्णतेला अडवितो. अंगालगत शिरलेला पाण्याचा पातळ थर ऊब देतो, हा आजही प्रचलित असलेला समज म्हणूनच अपुरा आहे. तो थर फार हलता नसावा, इतकेच आवश्यक असते. या पोशाखाच्या जनकत्वावर व्यापारी उत्पादकांनीही दावा सांगितला होता. परंतु कॅरोलिन रेनी यांनी १९९८ मध्ये पत्रव्यवहाराच्या आधारे केलेल्या अभ्यासाने ब्रॅडनर यांचे अग्रक्रमत्व स्पष्ट झाले.

तथापि ज्या वायूवर हा पोशाख विसंबतो, तोच खोलीवर दगा देतो. ३० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो. पेशी आकसतात, पोशाख पातळ होतो व त्याची ऊब नेमकी गरजेच्या वेळी घटते. म्हणून खोल आणि दीर्घकाळ चालणाऱ्या कामासाठी कोरडा पोशाख पुन्हा पुढे आला. मात्र आता त्यात खोलीनुसार वायू भरण्याची सोय होती. स्वीडनच्या पोसायडन कंपनीचा ‘युनिसूट’ हा त्याचा एक प्रसिद्ध नमुना होय.

या निवडीचा परिणाम केवळ साधनापुरता राहत नाही, हे कोरियातील पाणबुड्या स्त्रियांच्या उदाहरणावरून कळते. पातळ सुती कपड्यांनिशी त्या हिवाळ्यात सुमारे १० अंश सेल्सिअस पाण्यात उतरत. सुक-की होंग व हर्मन रान यांच्या १९६० च्या दशकातील संशोधनात असे आढळले की, हिवाळ्यात त्यांचा मूलभूत चयापचय वाढतो आणि त्यांना हुडहुडीही उशिरा भरते. १९७० च्या दशकात निओप्रीनचा पोशाख रूढ झाला. त्यामुळे हिवाळ्यातील कामाचा अवधी पुष्कळ वाढला. परंतु पुढील काही वर्षांत थंडी सोसण्याची ही कमावलेली शक्ती ओसरल्याचे नंतरच्या पाहणीत दिसून आले.

यावरून त्या स्त्रियांनी जुनाच पोशाख ठेवावयास हवा होता, असे अनुमान काढणे अन्यायाचे ठरेल. थंडीत कुडकुडणे हे त्यांच्या पोटापाण्याचे मोल होते, हौस नव्हती. पाण्याचे तापमान, खोली आणि कामाचा अवधी यांबरोबर श्रम करणाऱ्या देहाचाही हिशेब पोशाखाच्या इतिहासात धरावा लागतो, एवढे मात्र त्यांच्या अनुभवावरून निश्चित होते.