चौदा हात दोन इंच

मोठ्या माणसाला कोणताही चित्रकार लहान घोड्यावर बसवीत नाही. युरोपातला मध्ययुगीन सरदार तर सिनेमात असलं धूड घेऊन येतो की, वर चढायला त्याला जिनाच लागावा!

इंग्रज लोक घोडा 'हातां'नी मोजतात. हा आपला कोपरापासूनचा हात नव्हे. तसा असता तर १५ हातांचा घोडा साडेबावीस फूट भरून माळवदावरचे पापड खाऊन गेला असता. त्यांचा हात म्हणजे तळव्याची रुंदी, चार इंच. मोजायचं तेही खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंतच. मान-डोकं हिशेबात नाही. (घोड्याने ऐटीत मान उंचावली की बघणाऱ्याच्या हिशेबात ती हटकून येते, ते सोडा.) चौदा हात दोन इंच ही साधारण वेस. तिच्या आत तट्टू, बाहेर घोडा.

२०२१ साली इंग्लंडातल्या संशोधकांनी इ. स. ३०० ते १६५० या काळातली घोड्यांची जवळजवळ दोन हजार हाडं तपासली. हाडांना कुणाची भीड नसते. बहुतेक मंडळी वेशीच्या आतच निघाली! नॉर्मन काळातला सगळ्यांत उंच घोडा ट्रोब्रिजच्या किल्ल्यात सापडला, तो जेमतेम १५ हातांचा. आता हाड बघून हा लढाईतला की नांगराचा, हे सांगणं कठीण, हेही खरं.

पण आठव्या हेन्रीला हे कोण सांगणार? राजा स्वतः आडमाप. त्याला राज्यातले घोडे खुजे वाटू लागले. १५४० साली कायदा झाला : ठरावीक परगण्यांत दोन वर्षांवरचा, १५ हातांहून ठेंगणा नर गायरानात सोडायचा नाही, आणि दरवर्षी गायरानं धुंडाळून जी घोडी-शिंगरं कुचकामी दिसतील ती मारून पुरायची. गरिबाची पोती वाहणारी जनावरं बहुधा हीच. हा नियम आधीच्या शतकांना लावला असता, तर हेन्रीच्या पूर्वजांनी ज्यांच्या पाठीवरून लढाया मारल्या, त्यांतलेही कितीतरी घोडे गायरानाबाहेर उभे राहिले असते.

आमची भीमथडीची तट्टंसुद्धा वेशीच्या आतलीच. काटक, थोडक्या चाऱ्यावर भागवणारी. मराठी फौजा त्यांच्या जिवावर कोसच्या कोस दौडल्या. वाटेत कुणी त्यांच्या खांद्याला फूटपट्टी लावली नाही. चौकातल्या पुतळ्याखालचा घोडा मात्र मला तरी १६ हातांच्या खाली कधी दिसला नाही.