कॅरॅव्हॅनचे झोके आणि स्टॅबिलायझर

ब्रिटनमध्ये उन्हाळी सुट्टी लागली, की मोटारीमागे छोटेखानी घर जोडून समुद्रकिनाऱ्याकडे निघालेली कुटुंबे हे तेथील रस्त्यांवरचे नेहमीचे दृश्य असते. चाकांवरचे हे घर म्हणजे कॅरॅव्हॅन. शेजारून भरधाव ट्रक गेला, उतारावर वेग वाढला किंवा आडवा वारा सुटला, की ती डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. हे झोके वाढत गेल्यास मोटारही त्यांच्याबरोबर फरफटते आणि प्रसंगी दोन्ही वाहने उलटतात. झोक्यांना आवर घालणारे उपकरण म्हणजे स्टॅबिलायझर. घरातील फ्रिजसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टॅबिलायझरशी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे.

त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत मोटारीच्या मागील जोडणीपासून कॅरॅव्हॅनच्या सांगाड्यापर्यंत एक पोलादी पट्टी बसवलेली असते आणि तिच्या सांध्यातील चकत्यांचे घर्षण झोक्यांना विरोध करते. जुन्या कॅरॅव्हॅनसाठी हा पर्याय आजही उपयुक्त ठरतो. दुसऱ्या प्रकारात जोडणीच्या तोंडातच घर्षणाच्या गाद्या असतात; अल-को आणि विंटरहॉफ या जर्मन कंपन्यांची अशी उपकरणे प्रचलित आहेत. तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. झोके धोकादायक होत असल्याचे जाणवताच तो कॅरॅव्हॅनचे ब्रेक आपोआप लावतो. घर्षणाचे उपकरण झोका सुरू होतानाच त्याला विरोध करते, तर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोका वाढल्यावर धावून येते. त्यामुळे अनेक जण दोन्ही बसवून घेतात. खरेदीपूर्वी उपकरणाची वजनमर्यादा आणि मोटारीचे माहितीपुस्तक या दोन गोष्टी पाहणे अत्यावश्यक आहे.

वापरात सर्वाधिक चूक होते ती ग्रीसबाबत. साध्या जोडणीत मोटारीमागील गोळ्याला ग्रीस लावावे लागते. घर्षणाच्या गाद्या असलेल्या जोडणीत मात्र हाच गोळा पूर्ण कोरडा आणि स्वच्छ हवा. त्यावर रंग असल्यास तोही पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो. एकदा तेलकट झालेल्या गाद्या पकड गमावतात. वळताना करकर आवाज आला म्हणून तेलाचे दोन थेंब सोडणारा मालक स्टॅबिलायझर असून नसल्यासारखा करून ठेवतो. अल-कोच्या जोडणीसाठी गोळ्याची मानही लांब लागते. कॅरॅव्हॅन जोडल्यावर स्टॅबिलायझरचा दांडा खाली दाबल्याखेरीज गाद्यांचा दाब लागू होत नाही, हेही घाईत विसरले जाते.

तथापि, खरा प्रश्न सामानाचा आहे. आपल्याकडे बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले, की गाडी ‘उलार’ झाली असे म्हणतात. उलार कॅरॅव्हॅन तशीच अस्थिर असते. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या चाचण्यांत असे आढळले, की वेगात असतानाच्या स्थैर्यावर ट्रेलरच्या एकूण वजनापेक्षा वजनाच्या मांडणीचा आणि जोडणीवर येणाऱ्या भाराचा परिणाम कितीतरी अधिक असतो. म्हणूनच जड वस्तू आसाच्या वर आणि तळाशी ठेवाव्यात, मागच्या कपाटात नव्हे. जोडणीवरचा भार कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के असावा, असा संकेत आहे. म्हणजे 1400 किलोच्या कॅरॅव्हॅनसाठी तो 70 ते 98 किलो होतो. मात्र मोटारीची किंवा जोडणीची मर्यादा त्याहून कमी असल्यास तीच पाळावी लागते. घरातील वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा एवढ्या साहित्यातही हा भार मोजता येतो. नवख्या चालकाने भरलेली कॅरॅव्हॅन मोटारीच्या वजनाच्या 85 टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये, असाही सल्ला तेथे दिला जातो.

चांगला स्टॅबिलायझर सदोष मांडणी काही काळ झाकून ठेवतो, हा त्याचा धोका. झोके जाणवत नाहीत म्हणून चालक वेग वाढवतो. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन ओढताना मोटरवेवर ताशी 60 मैलांची मर्यादा आहे. जर्मनीत ती एरवी ताशी 80 किलोमीटर असते. स्टॅबिलायझर व अन्य अटी पूर्ण केल्यास 100 ची परवानगी मिळते.

इतके करूनही झोके सुरू झालेच, तर जोरात ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद उचलून, स्टिअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा. त्यानंतर सुरक्षित जागी थांबून सामान पुन्हा लावावे.