गोकाकचा वर चढणारा कातळ

बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला घटप्रभा नदी सुमारे १७० फूट खाली कोसळते. दूधसागर पाहिलेल्या आम्हां गोंयकारांना या उंचीचं अप्रूप नाही. पण दूधसागर पांढराशुभ्र फेसाळतो, तर गोकाकचं पावसाळी पाणी गढूळ आणि जाड पडद्यासारखं खाली येत राहतं. या पाण्यावरून आमच्या घरात एक वाद वर्षानुवर्षं रेंगाळला होता.

माझं आजोळ निपाणीचं. शाळेत असताना एका पावसाळ्यात मावशी आम्हां पाच भावंडांना संकेश्वरमार्गे बसने गोकाकला घेऊन गेली. मी बराच वेळ पाण्याकडे एकटक बघत राहिलो. मग बाजूच्या कातळाकडे बघितलं तर काय, कातळ सावकाश वर चढतोय! मी ओरडलो. मावशीने पाण्याकडे बघितलं, कातळाकडे बघितलं आणि म्हणाली, "काही हलत नाही. खोटं बोलू नकोस." परतताना सगळ्यांना गोकाकचं कर्दंट मिळालं. मला वर 'खोटारडा' ही पदवीही मिळाली.

पुढे कळलं, की हे पाहणारा मी पहिला नव्हे. वाहत्या नदीवरून नजर काढली की स्थिर वस्तू हलताना दिसतात, असं ॲरिस्टॉटलने स्वप्नांविषयीच्या लेखनात नोंदवून ठेवलं आहे. १८३४ साली रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी, अगदी माझ्यासारखाच, कडेचा खडक वर सरकताना पाहिला. त्यांना वाटलं, पाण्यामागे धावायची सवय लागलेले डोळे नकळत सरकत असावेत. पण फिरतं सर्पिल बघून थांबलं, की ते सगळ्या बाजूंनी फुगताना किंवा आकसताना दिसतं. डोळा एकाच वेळी चारी दिशांना कसा सरकणार? म्हणजे कारण डोळ्यांच्या हालचालीत नव्हतं. खाली जाणारी गती टिपणाऱ्या पेशी सतत काम करून मंदावतात, वरची गती टिपणाऱ्यांचं पारडं जड होतं आणि स्थिर कातळ वर निघतो, असा आजचा ढोबळ खुलासा आहे.

पण मग तेच पाणी बघणाऱ्या मावशीला तो का दिसू नये? १९११ साली वोल्गेमुथ या अभ्यासकाने बघताना मन हिशेबात गुंतवून पाहिलं आणि त्याने विशेष फरक पडत नाही, असं ठरवलं. ही समजूत पुष्कळ वर्षं टिकली. १९९० साली अवि चौधुरी यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. त्यांच्या प्रयोगात माणसांची नजर मधोमध स्थिर असे आणि मागे नक्षी सरकत असे. मधोमध भराभर बदलणाऱ्या चिन्हांवर लक्ष ठेवायला सांगितलं, की नंतरचा भास बराच कमी वेळ टिके. डोळे तेच, समोरचं दृश्यही तेच. बदललं होतं फक्त लक्ष. १९९७ साली लंडनच्या संशोधकांनी मेंदूच्या चित्रणातही हे पाहिलं. शब्दांचं अवघड काम दिलं, की गती ओळखणाऱ्या भागाचा मागच्या हालचालीला मिळणारा प्रतिसाद घटत होता.

हे वाचलं तेव्हा मला तो दिवस पुन्हा आठवला. निसरडा खडक, पाच पोरं, निपाणीची शेवटची बस. मावशीचे डोळे पाण्याकडे होते खरे, पण ती मनात डोकी मोजत होती. प्रयोगशाळेतली चिन्हं आणि मावशीची काळजी एकच नव्हे, हे मला मान्य आहे. तिची नजरही माझ्यासारखी स्थिर राहिली नसेल. तरी एवढं नक्की, की आम्हां दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

मागल्या चतुर्थीला मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कातळ चढला असेल बाबा. पण मी पाच नेले होते, पाचही परत आणले."

मीही तेवढा वेळ निश्चिंतपणे पाणी बघू शकलो होतो, कारण मोजायला ती होती.