समोरच्या दारामागे कोण?



चौकस शेजारी म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. कोण किती वाजता घरी आले, कुणाकडे पाहुणा उतरला, याचा हिशेब ठेवणारे एक तरी काका प्रत्येक चाळीत असत. कुवेतला आल्यावर आपली त्यातून सुटका झाली. लिफ्टमध्ये मान हलवायची आणि आपले दार लावून घ्यायचे. मीही कित्येक वर्षे हेच केले. पण या देशाचा अलीकडचा इतिहास वाचताना ते काका पुन्हा पुन्हा आठवतात.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. लवकरच इथल्या नागरिकांनी रस्त्यांच्या पाट्या आणि घरांचे क्रमांक काढून टाकले. सैनिकांना घर सापडेना. कोण कुठे राहते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच ठाऊक! परदेशी माणसाला लपवणाऱ्यास मृत्युदंड, असे इराकने जाहीर केले होते. तरीही काही घरांनी पाश्चात्त्य लोकांना लपवले. अशी गोष्ट एका घरापुरती राहत नसते. आजूबाजूच्यांनी ती पोटात ठेवली म्हणूनच निभावली असणार. मोहल्ल्यातल्या जमियांमध्ये नागरिकच धान्य वाटत होते, कचराही तेच उचलत होते. हे 26 फेब्रुवारी 1991 पर्यंत, जवळजवळ सात महिने चालले.

आपल्या लोकांचे काय झाले, हे जुन्या सभासदांना मी सांगायला नको. सुमारे पावणेदोन लाख भारतीय तेव्हा इथे होते. बहुतेक जण बसने बगदादमार्गे अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या सुमारे 488 उड्डाणांतून एक लाखाहून अधिक लोक मायदेशी परतले. मथुन्नी मॅथ्यूज, हरभजनसिंग वेदी यांच्यासारख्यांनी इथे राहून जुळवाजुळव केली. ही नावे आता चित्रपटामुळे थोडीफार माहीत झाली आहेत. पण कोणत्या इमारतीत किती माणसे अडकली आहेत, ही माहिती जिन्याजिन्यांवरच गोळा झाली असली पाहिजे. आमच्या ओळखीचे एक काका तेव्हा सालमियात राहत. ते वहीत मजल्याप्रमाणे नावे लिहीत. तिसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा मल्याळी टायपिस्ट दोन दिवस दिसला नाही, हे प्रथम काकूंच्या लक्षात आले. दार उघडले तेव्हा तो तापाने फणफणला होता. तो पुढे त्यांच्याच बसमधून गेला.

दुसरा प्रसंग ताजा आहे. 12 जून 2024 च्या पहाटे मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. त्यात 50 जण दगावले. त्यांपैकी बहुतेक भारतीय होते आणि मृतांच्या यादीत महाराष्ट्रातलाही एक होता. आग तळमजल्यावर लागली होती, पण बहुतेकांचा जीव घेतला तो धुराने. खोल्यांमधले आडोसे पटकन पेटणाऱ्या वस्तूंचे होते आणि गच्चीचे दार बंद असल्याचे सांगितले गेले. कित्येकांची ओळख पटवायला डीएनए तपासणी लागली.

रसायनशास्त्र हा माझा पेशा, म्हणून थोडे सांगते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटीने अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस जागा होण्याआधीच अर्धमेला होतो. आणि तळाशी आग लागली की जिना म्हणजे धुराडेच!

त्या आठवड्यात मी आमच्या समोरच्या दाराबाहेरचे जोडे मोजले. अकरा जोड होते आणि घर दोन खोल्यांचे. मंगफनंतर बलदियाची तपासणी जोरात होती. तक्रार केली असती तर त्या मुलांना रात्रीतून सामानासह रस्त्यावर यावे लागले असते आणि मालकाने त्यांना दुसरीकडे, कदाचित याहून वाईट जागी, कोंबले असते. गप्प बसावे, तर झोप लागेना. आमचे हे म्हणाले, "आपल्याला काय करायचंय?" हे वाक्य चाळीतल्या काकांनी जन्मात उच्चारले नसते.

शुक्रवारी पोह्यांचे ताट घेऊन मी बेल वाजवली. किती जण राहता, असे सरळ विचारले. "नौ, दीदी." दोन जोड जुने होते. दोघे जण स्वयंपाकघरात, सिलिंडरशेजारी जमिनीवर झोपत होते. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो आणि जमिनीवर झोपलेल्याला आधी गाठतो, हे समजावल्यावर त्यांनी त्याच दिवशी अंथरुणे हलवली. गच्चीचे कुलूप काढून आतून उघडणारी कडी बसवायला हारिसला तीन आठवडे लागले. मी मात्र त्याला रोज विचारत होते.

आता आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला एक वही टांगलेली आहे. तिच्यात फ्लॅट, नावे, रात्री झोपणारी माणसे आणि रात्रपाळी कुणाची, हे लिहिले आहे. तक्रार करायची वेळ आली तर करीन की नाही, ते अजून ठरलेले नाही. चौथ्या मजल्यावरची दोन दारे भरायची राहिली आहेत. बेल वाजवली की आत टीव्हीचा आवाज बंद होतो.